पोटखराब

चौदा ऑगस्ट, गुरुवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चंपाने पाळीच्या पायथ्याशी सरबताची रिकामी काचेची बाटली भरली, आभाळाकडे धरली, आणि पाणी गढूळ होतं.

तिने ते ओतून दिलं. आपलाच पाय पडून माती उठली असेल, म्हणून दोन पावलं मागे सरली, शंभरपर्यंत आकडे मोजले आणि वाकून पुन्हा बाटली भरली. पुन्हा तेच. पातळ चहासारखं.

मातीचं धरण पाझरतंच. पायथ्याला मनगटाएवढी धार वर्षानुवर्षं वाहत होती आणि तिचं कुणाला काही वाटत नव्हतं. तिचा बाप, आबा, सांगायचा, "पाझरू दे. निवळ पाझरतंय तवर पाळ धड हाय. गढूळ आलं की समजायचं, आतनं माती चालली." म्हणून पावसाळ्याचे चार महिने रोज सकाळी बाटली भरायची, उजेडात बघायची आणि खिडकीत ठेवायची, तळाला काय बसतं ते दुसऱ्या दिवशी बघायला. आबा होता तोवर हे काम आबाचं होतं. तो गेल्यावर दोघा भावांनी ते एकमेकांवर ढकललं. बावीस वर्षं ते चंपा करत होती.

ती त्रेसष्ट वर्षांची होती. बहात्तरच्या दुष्काळात आबाने, म्हणजे भिकाजी ओव्हाळने, वतनाच्या जमिनीतला ओढा अडवून ही पाळ घातली, तेव्हा दहा वर्षांची. गावच्या विहिरीवर वस्तीचा नंबर शेवटचा असे आणि त्या वर्षी शेवटच्या नंबराला चिखल उरे. भिकाजीने वडारांची गाढवं आणली, बायको आणली, दोन मुलगे आणले, मुलगी आणली. मुलीच्या डोक्यावर पाटी छोटी दिली होती, एवढाच फरक.

"आक्का, आज दोनदा भरली बाटली?"

ओढ्याच्या पलीकडून वाहिद मुलाणी विचारत होता. त्याचं घर पाळीखालचं पहिलं. त्याच्या खाली वस्तीची आठ घरं.

"इकडं ये. बघ."

वाहिदने बाटली हातात घेतली, हलवली, पुन्हा बघितली. "रातच्याला वरती पाऊस झालाय लय."

"पावसानं तळं गढूळ व्हतं. पाझर न्हाई व्हत."

दोघं पाळीवरून चालत सांडव्यापाशी गेले. तळं भरलं की जादा पाणी जावं म्हणून आबाने एका अंगाला दगडी सांडवा ठेवला होता. त्याच्या तोंडावर सेंट्रिंगच्या फळ्या आडव्या ठोकल्या होत्या आणि पाठीला वाळूच्या गोण्या. काल संध्याकाळी दोन होत्या. आता तीन. पाणी आणि पाळीचा माथा यांत हातभर अंतर उरलं होतं. आबा अडीच हात ठेवायचा.

"तिसरी कवा ठोकली?"

"परितमनं काल दिवे लागायच्या वक्ताला. उद्यापास्नं तीन दिवस सुट्टी हाय न्हवं. पाव्हणं येणार." वाहिदने फळीवर पाय टेकवून बघितला. "काढू का? पहार आणतो."

"नगं. आपल्याला हात लावायचा हक न्हाई."

"मग हक काय घरात पाणी शिरल्यावर इचारायचा?"

पाळीच्या पोटाशी चंपाच्या दोन खोल्या होत्या, त्याही भावांच्या जागेत. नवरा गेल्यावर आबाने तिला तिथे आणून ठेवलं होतं. दोन हजार पाच साली वडगावला जाऊन तिने हक्कसोडपत्रावर सही केली, तेव्हापासून ती या जमिनीत पाहुणी होती.

तिने भाच्याला, प्रितमला, फोन लावला. वाजून बंद झाला. मग थोरल्या भावाला, रतनला, खंडाळ्याला लावला.

"चंपे, मी निघतोच आहे," रतन म्हणाला. "त्या कागदाचं आजच मिटवायला पाहिजे. पाझराचं तिथं आल्यावर बघू."

कागद सोमवारी आला होता.

साडेदहाला सगळे प्रितमच्या जेवणाच्या शेडमध्ये बसले. शेड तळ्याच्या काठावर होती. बाहेर इंग्रजीत बोर्ड: सिल्व्हर लेक कॅम्पिंग. दोन कामगार काठाने तंबूंचे खुंटे ठोकत होते आणि बोलताना मध्येमध्ये तो ठोका पडत होता. रतन प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसला. रेल्वेतून निवृत्त होऊन त्याला आठ वर्षं झाली होती, तरी तो अजून घड्याळ बघून वाक्य सुरू करायचा. शेजारी त्याची मुलगी अमृता. ती वडगावच्या कोर्टात वकिली करत होती. समोर प्रितम आणि त्याची आई नंदाबाई, चंपाच्या मयत भावाची, सुदामची, बायको.

चंपाने बाटली टेबलावर ठेवली, चहाच्या कपांच्या मधोमध.

"आत्या, हे काय रोज?" प्रितम म्हणाला. "गेल्या वर्षीपण आणली होतीस तू बाटली."

"गेल्या वर्षी निवळ व्हती. निवळ हाय ते दाखवाया आणली व्हती."

अमृता हसली आणि वडिलांनी बघितल्यावर थांबली. तिने कागद उलगडला. "तहसीलचा आहे. खासगी बांध असेल तर मालकाने स्वतःचं नाव, बांधाची सध्याची स्थिती आणि काही घडलं तर जबाबदार कोण, हे लिहून द्यायचं. आज पाचच्या आत. उद्यापासून सुट्टी."

"साडेदहा झालेत," रतन म्हणाला. "त्यात विचार करायला काही नाही. धंदा प्रितम करतो. मालक प्रितम."

"मी?" प्रितम पुढे वाकला. "काका, तळं माझं, त्यात सुदामचा पायही पडता कामा नये, असं कोण म्हणायचं? ह्याच पाळीवर बाबांची मोटर तुम्ही पाण्यात ढकलली होती."

"ते रागात झालं."

"सात वर्षं? दहनाला आलात ते पण तळ्याच्या वाटेनं नाही. रस्त्यानं वळसा घालून आलात."

"मासे कोण विकायचं सगळे? सुदाम. पाणी कोण उचलायचं? सुदाम. मग मालक कोण झाला?"

"मग तसं तेव्हा लिहून द्यायचं होतं!"

नंदाबाई मध्ये पडली. "भावजी, लेकराच्या नावावर घालू नका. त्याचं अजून सगळं व्हायचंय."

"आणि माझं सगळं होऊन गेलंय म्हणून मी जेलमध्ये जाऊ?"

चंपा ऐकत होती. हीच दोन घरं तळं माझं म्हणून सात वर्षं एकमेकांशी बोलली नव्हती. कोर्टात जायची भाषा दोघांनी केली, गेलं कुणीच नाही. गेले असते तर निदान कागद तरी बघितले असते.

कागद अमृताने बघितले होते. तिने पिशवीतून सातबारा काढला आणि टेबलावर ठेवला, बाटलीला टेकवून.

"तुम्ही दोघं भांडताय, पण यात तीन हिश्शांची नावं आहेत," ती म्हणाली. "गट नंबर एकशे अठरा. आजोबा गेल्यावर वारस म्हणून लागली ती. बाबा, तुमचं. सुदामकाकांचं, ते गेल्यावर नंदाकाकू आणि प्रितम. आणि आत्याचं."

"तिचं कसं? तिनं हक्क सोडलाय," रतन म्हणाला.

"एकशे बारा, एकशे पंधरा, एकशे एकवीस. ही तीन भातखाचरं सोडली. एकशे अठराचा उल्लेख हक्कसोडपत्रात नाही."

"का नाही?"

"ते मी तुम्हाला विचारणार होते."

रतनने चष्मा काढला. चंपाला मात्र ती दुपार लख्ख आठवत होती. वडगावला कचेरीबाहेर झाडाखाली टायपिंगवाल्याचं टेबल, आणि त्याने विचारलं होतं, हा एकशे अठरा घालायचा का? सुदाम म्हणाला होता, ते अख्खं पोटखराब हाय, पाणीच पाणी. आणि रतन म्हणाला होता, पोटखराब कशाला घालता, कागद वाढतो. लागवडीला येत नाही, त्याच्यावर सारा लागत नाही, म्हणून सरकारदप्तरी ते पोटखराब. ज्याच्या पाण्यावर तिन्ही खाचरं पिकत होती, ते पोटखराब.

त्याच दुपारी तिने एक गुंठा मागितला होता. राहत्या दोन खोल्यांपुरता, स्वतःच्या नावाचा. सुदाम म्हणाला होता, तुला कोण उठ म्हणतंय का? रतनने मिसळ खाऊ घातली आणि साडी घेऊन दिली.

मग रतनने प्रितमकडे बघितलं आणि प्रितमने रतनकडे. सुदाम गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत काका-पुतण्याचं पहिल्यांदाच एकमत होत होतं, आणि ते काय आहे हे चंपाला त्यांच्या आधी कळलं.

"चंपे," रतनचा आवाज एकदम मऊ झाला. "आबाचं तळं सांभाळलंस तू. आम्ही काय केलं? नोकऱ्या केल्या. न्यायानं बघितलं तर ते तुझंच आहे."

"बरोबर आहे काकांचं," प्रितम म्हणाला. "आत्या, आमचा हिस्सापण तुझ्या नावावर करून देतो. बक्षीसपत्र. ताई करेल कागद. आज तू फक्त मालक म्हणून सही कर."

"सगळं तळं?" चंपाने विचारलं.

"सगळं. पाळीसकट."

तिला हसू आलं. ते बराच वेळ थांबेना. नंदाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला तो तिने हाताने बाजूला केला.

"दादा, एक गुंठा मागितला व्हता मी. आठवतंय? मिसळीवर भागवलंस. आन आज दोन एकराचं तळं देतोस, तेबी मी न मागता." तिने डोळे पुसले. "आईच्या पोटची मी तिसरी. तुमी दोघं पिकाऊ, आन मी पोटखराब. कागदात बरोबर सापडले बघ मी."

"असं तोडून बोलू नकोस."

"बरं. जोडून बोलते. सही करते. पर आत्ताच्या आत्ता फळ्या काढायच्या. ही बाटली बघ आदी."

प्रितमने बाटली पहिल्यांदा हातात घेतली. उजेडात धरली नाही. नुसती फिरवली. "काढू ना. सोमवारी काढू."

"सोमवारी?"

"आत्या, सगळे तंबू फुल्ल आहेत तीन दिवस. पाणी उतरलं की ह्या काठाला चिखल दिसतो. लोक फोटो काढायला येतात, चिखल बघायला नाही. बोट कुठं लावू मी?"

"म्हंजी मालकी माझी आन फळी तुझी."

"तसं नाही—"

"तसंच हाय. पाणी तुझं, गुन्हा माझा."

प्रितम उठून उभा राहिला. "सहा वर्षं कंपनीत काढली मी. दर सात महिन्यांनी ब्रेक, पुन्हा नवीन कार्ड. पर्मनंट कधी झालो? हे एकच माझं उभं राहिलंय. ओव्हाळ तळं म्हणून बोर्ड लावला असता तर गावातलं तरी कोण आलं असतं का जेवायला? इंग्रजी नाव दिलं म्हणून कुणी विचारत नाही कुणाचं आहे. आणि तू मला दोन फळ्यांसाठी—"

"तीन," चंपा म्हणाली.

तो खोटं बोलत नव्हता हे तिला माहीत होतं. तिने त्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. त्याला पोहायला तिनेच शिकवलं होतं, याच पाण्यात, कमरेला घागर बांधून.

"वन्सं, तुमी सही करू नका," नंदाबाई अचानक म्हणाली.

"आई!"

"काय आई? उद्या काय झालं तर पोलीस ह्यांना नेतील. म्हाताऱ्या बाईला. तू तंबू गुंडाळून मोकळा व्हशील."

"मग तू कर सही. तुझंपण नाव आहे सातबाऱ्यावर."

नंदाबाईने त्याच्याकडे बघितलं, मग चंपाकडे, आणि मग ती कप गोळा करू लागली. चंपाचा कप भरलेला होता. तोही तिने उचलला.

अमृता हळू आवाजात म्हणाली, "आत्या, नीट ऐक. तू सहमालक आहेस. तू एकटीने लिहून दिलंस तर उद्या पहिलं नाव तुझंच येणार. सगळं तुझ्यावर येईल."

"आन न्हाई लिहिलं तर?"

"मालकाचा रकाना कोरा जाईल."

"आन फळ्या?"

अमृताने सांडव्याकडे बघितलं. "फळ्या तशाच राहतील."

"दे पेन."

मतदार यादीत ती चंपा यशवंत रोकडे होती. बँकेत, रेशनकार्डावरही तीच. सातबाऱ्यावर जे होतं ते तिने लिहिलं, एकेक अक्षर सुटं: चंपा भिकाजी ओव्हाळ. बेचाळीस वर्षांनी लिहीत असल्यामुळे ओव्हाळमधला ळ ओळीखाली गेला. सद्यस्थितीच्या रकान्यात तिने अमृताला सांगून लिहून घेतलं: पाझर गढूळ. सांडव्यावर तीन फळ्या. काढत आहे.

"आणि बक्षीसपत्र?" रतनने विचारलं. "अमृता आत्ताच मसुदा—"

"नगं. तुमचा हिस्सा तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माजा तेवढा मी घेतला."

अमृताने कागद वडिलांपुढे सरकवला. चंपाच्या सहीखाली जागा होती. रतनने शर्टाचा खिसा चाचपला. "चष्मा गाडीत राहिला वाटतं," म्हणाला आणि उठला. चष्मा टेबलावर, सातबाऱ्याशेजारी होता. तो कुणीच उचलून दिला नाही.

पावणेएकला वाहिद पहार घेऊन सांडव्यावर उतरला. त्याची बायको रशिदा शेळ्या घेऊन शाळेकडे गेली होती. वस्तीतल्या आठ घरांपैकी पाच घरांनी अंथरुणं बाहेर काढली होती. उरलेल्या तिघांचं म्हणणं, ओव्हाळांचं भांडण आहे, संध्याकाळी मिटेल.

"आक्का, तिन्ही उचकटू का एकदम?"

"एकदम न्हाई. पाणी भसकन उतरलं तर आतनं पाळ घसरती. आबा एक फळी काढायचा आन तीन तास बसून ऱ्हायचा."

"तवर पाळ थांबल?"

"ते मला काय म्हाईत."

वरची फळी सहज निघाली. गोण्या बाजूला ओढल्यावर पाणी सांडव्यावरून एका पट्टीने खाली पडू लागलं. चंपा पाळीवर बसून राहिली. मागे शेडमधून प्रितमचा फोनवरचा आवाज येत होता. हो सर, लेक फेसिंगच आहे, हो सर. तीन वाजता रतनची गाडी गेली. अमृता तिच्यात नव्हती. ती प्रितमच्या मोटरसायकलवर मागे बसून वडगावला निघाली होती. प्रितम तिला मुख्य रस्त्यापर्यंत सोडून परत आला आणि सरळ सांडव्यापाशी येऊन उभा राहिला.

चंपाला वाटलं, आता हा अडवणार. पावणेचार झाले होते. वाहिदने दुसऱ्या फळीला पहार लावली आणि तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. फळी फुगली होती. दोनदा पहार निसटली. प्रितम बघत होता. तिसऱ्यांदा त्याने खाली उतरून फळीचं दुसरं टोक धरलं, वाहिदबरोबर ओढलं, आणि ती निघाल्यावर काठावर नेऊन टाकली.

"आता बास, आत्या," तो म्हणाला. "दोन काढल्या. तिसरी राहू दे. एवढं तरी ऐक माझं."

"बाटली बघून सांगते."

"बाटली, बाटली! तुझ्या बाटलीवर माझं घर चालायचं का?"

"माझं तिच्याच खाली हाय," वाहिद म्हणाला.

प्रितमने त्याच्याकडे बघितलं नाही. तो तिसऱ्या फळीला पाय लावून सांडव्याच्या दगडावर बसला. पाणी त्याच्या पायावरून जात होतं.

चार वाजून पन्नास मिनिटांनी अमृताचा फोटो आला. कागदावर पोच मिळाल्याचा शिक्का, वर एकच सही. खाली तिने लिहिलं होतं, पाहायला माणूस पाठवतो म्हणालेत, सकाळी. पाचच्या सुमाराला पहिले पाहुणे पोचले. त्यांनी सांडव्यावरून पडणारं पाणी पाहिलं, धबधबा म्हणाले आणि त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढले. प्रितम दोन फोटोंत मागे बसलेला दिसतो.

सहा वाजता पाणी पाळीच्या आतल्या उतारावर रचलेल्या पिचिंगच्या दगडांवर चार बोटं उतरलं होतं. डोंगरावर पुन्हा काळं झालं होतं. तीन घरं अजून रिकामी झाली नव्हती. तिसरी फळी जागेवर होती आणि प्रितम तिच्यावरून उठला नव्हता.

सहा वाजून पाच मिनिटांनी चंपाने दुसरी बाटली भरली आणि सकाळच्या बाटलीशेजारी दगडावर ठेवली. वाहिदच्या मते पाणी निवळत होतं. रशिदाच्या मते होतं तसंच होतं. चंपाने दोन्ही बाटल्या उचलून मावळतीकडे धरल्या, आणि उजेड कमी पडला.